सातवं पाणी

कारखाना माइन नदीच्या वळणावर होता.
मी सोळाची. अंगात थोरल्या भावाचा कोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
कुनिगुंडेनं माझे हात उलटेसुलटे पाहिले, म्हणाली,
"हे आता निळेच राहतील, लिओबा.
रविवारी चर्चमध्ये हातमोजे घालत जा."

पिपात आधी लोखंडाचं पाणी, गंजाच्या रंगाचं,
मग पिवळ्या क्षाराचं.
तिच्या आजीच्या काळी हा क्षार
खाटकाकडच्या वाळल्या रक्तातून काढत,
खुरं, शिंगं, भट्टीतली राख घालून.
दोन्ही पाणी भेटली की पीप काळं पडायचं.
काळं नव्हे.
इतकं निळं, की डोळ्याला ते नाव सुचायला वेळ लागे.

मग धुणं.
पहिलं पाणी ओतायचं, रात्रभर हात लावायचा नाही.
सकाळी निळा तळाशी, वर पाणी नितळ, जिभेला खारट.
ते नळीनं ओढून टाकायचं, दुसरं ओतायचं.
"चौथ्याला थांबायचं," तिनं बजावलं होतं.
पण तिच्या बहिणीचं बाळंतपण अडलं, आठवडाभर ती आली नाही,
आणि मला माझ्या आईनं शिकवलेलं
की पाण्यात मळ दिसेनासा होईतो हात काढायचा नाही.

पाचवं.
सहावं जरा धूसर वाटलं.
सातव्या पाण्यानंतर निळा खाली बसलाच नाही.
दुपारपर्यंत वाट पाहिली. मग दुहेरी कापडातून गाळला,
तो आरपार.
गाळणकागदातून गाळला. आरपार,
कागदावर नखाएवढाही थर नाही.
मुकादम डोर्फलर आला, पिपात डोकावला,
आणि एक शब्द न बोलता त्यानं खालची तोटी सोडली.
पुढच्या गावापर्यंत नदी निळी गेली.
बदकं निळी झाली असं लोक सांगत, ते मी पाहिलं नाही.
माझी दोन आठवड्यांची मजुरी कापली, ते पाहिलं.

एक बरणी मी लपवून ठेवली होती.
कुनिगुंडे परत आली (मुलगी, दोघी सुखरूप),
बरणीतला चमचाभर तिनं पाण्यात पातळ केला
आणि मला कोळशाच्या खोलीत नेलं.
दाराला गाठीचं भोक होतं, त्यातून उन्हाची काडी आत येई.
साध्या मिठाच्या पाण्याचा पेला तिनं काडीत धरला:
उजेड गेला, वाट दिसली नाही.
मग माझा निळा धरला.
उजेडाची वाट पेल्यात सरळ उभी राहिली,
धुळीच्या खोलीत राहते तशी.

"विरघळलेलं नाहीये हे. नुसतं तरंगतंय.
कण इतके बारीक की कापडाला पत्ता लागत नाही,
आणि सगळ्यांच्या अंगात एकच वीज,
म्हणून कुणी कुणाला जवळ येऊ देत नाही."
प्रयोगशाळेतले साहेब याला कलिल म्हणत, तोंड वाकडं करून,
कारण कलिल पोत्यात भरून विकता येत नाही.

तिच्या डब्यात मुळ्याच्या चकत्या होत्या, कागदाच्या पुडीत मीठ.
दोन बोटांत मावेल तेवढं तिनं पेल्यात टाकलं.
"मीठच सगळं धुऊन काढलंस, पोरी.
मग हा जागणार कुणाला?"
आम्ही मुळा अळणीच खाल्ला.
सकाळी पेल्याच्या तळाशी निळा बसला होता,
वर पाणी, ज्यातून तिचा अंगठा दिसत होता.

तिला जाऊन बरीच वर्षं झाली. कारखान्याच्या जागी
आता होड्या भाड्यानं देतात.
त्या बरणीतलं उरलेलं मी एका औषधाच्या बाटलीत भरलं होतं.
साठ वर्षं होत आली,
अजून वरपासून खालपर्यंत सारखं निळं आहे.
शेजारचा पोरगा विचारतो, यात काय विरघळलंय?
मी म्हणते, काही नाही.
ऑक्टोबरात ऊन खाली उतरतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून
बाटलीला येऊन टेकतं.

जेवताना मिठाची वाटी
मी तिच्यापासून हातभर लांब ठेवते.